देशप्रत्ययाची विभक्ती : परदेशी दुकान आणि देशी पत्ता

गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागाच्या एका माजी विद्यार्थिनीचे नेदरलँड्समधून पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात ई-मेल. परंतु तिने ते जुन्या वळणाने, मायना घालून आणि सविस्तर लिहिले होते, म्हणून त्याला पत्रच म्हणतो. पतीच्या नोकरीनिमित्त ती चार वर्षांपासून तेथे राहते. थंडीसाठी तिने एका संकेतस्थळावरून लोकरीचा कोट मागविला. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘.एनएल’ ही अक्षरे होती. मजकूर डच भाषेत, किंमत युरोत, दुकानाच्या नावात एका डच शहराचे नाव. आणि पहिल्याच पानावर, आमचे वीस वर्षांचे छोटेसे घरगुती दुकान आता आम्ही जड अंतःकरणाने बंद करीत आहोत, अशा अर्थाचे निवेदन. कोट आला तो तीन आठवड्यांनी, चीनमधून. आणि तो लोकरीचा नव्हता. परत करू म्हटले तर उत्तर आले की, अवश्य करा, मात्र चीनमधील गोदामात तो स्वखर्चाने पोहोचवा. तो खर्च कोटाच्या किमतीच्या जवळपास जात होता.

फसवणुकीच्या अशा हकिकती आता इतक्या ऐकू येतात की, एवढ्यासाठी हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण पत्राच्या अखेरीस तिने जो प्रश्न विचारला होता तो आमच्या विषयाचा होता. तिने लिहिले होते : ‘कोट लोकरीचा आहे हे वाक्य खोटे होते. दुकान वीस वर्षांचे आहे हेही खोटे असणार. पण ही वाक्ये मी वाचली त्यापूर्वीच, केवळ पत्ता पाहून, हे दुकान इथले आहे असे मी मनाशी धरून चालले होते. तसे तर कोणीच म्हटले नव्हते. मग ते मला सांगितले कोणी?’

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उत्तर कायद्यात थोडेसे आणि तंत्रविद्येत थोडेसे सापडते. त्याचा गाभा मात्र, माझ्या मते, विभक्तिविचारात आहे.

प्रथम ही अक्षरे म्हणजे काय ते पाहू. महाजालावरील प्रत्येक संगणकाला एक अंकमय क्रमांक असतो. असे क्रमांक माणसांच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून त्यांना नावे देण्याची पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस ह्यांनी आखली. तीच डोमेन-नामांची पद्धत होय. ह्या नावांची रचना उजवीकडून डावीकडे उतरत जाते : सर्वांत उजवीकडे सर्वांत मोठे क्षेत्र, त्याच्या डावीकडे त्याच्या पोटातले लहान, अशी. पाकिटावर आपण जसे घर, गल्ली, गाव, जिल्हा असे लहानापासून मोठ्याकडे लिहीत जातो, तसाच हा क्रम आहे. १९८४ साली जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स ह्यांनी लिहिलेल्या टिपणात ह्या उजवीकडच्या टोकाला काय ठेवावे ह्याची पहिली यादी आली. तीत व्यापारी, शैक्षणिक, सरकारी अशा वर्गांबरोबरच देशांसाठी दोन-दोन अक्षरांची सोय होती. देशांची अक्षरे कोणती, हा वाद स्वतः न सोडविता त्यांनी आयएसओ ३१६६ ह्या प्रमाणयादीवर सोपविला. पोस्टेल ह्यांनी १९९४ मध्ये ही भूमिका आणखी स्पष्ट केली : देश कोणता आणि कोणता नव्हे, हे ठरविणे आपले काम नव्हे. ह्या धोरणामागील शहाणपण मान्य करूनही हे लक्षात ठेवले पाहिजे की, ह्या अक्षरांचा भूगोलाशी असलेला संबंध पहिल्यापासूनच उसनवारीचा आहे. ब्रिटनचे प्रमाणयादीतले अक्षरयुग्म ‘जीबी’ असताना प्रचारात ‘यूके’ राहिले. सोव्हिएट संघासाठी सप्टेंबर १९९० मध्ये ‘.एसयू’ नेमून दिले गेले. डिसेंबर १९९१ मध्ये संघ विसर्जित झाला, पण अक्षरे चालूच राहिली. तुवालू ह्या प्रशांत महासागरातील चिमुकल्या राष्ट्राचे ‘.टीव्ही’ जगभरच्या दूरचित्रवाणी-व्यावसायिकांनी घेतले, आणि अँग्विला बेटाचे ‘.एआय’ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी.

ह्या शेवटच्या अक्षरांना मी पुढे ‘देशप्रत्यय’ म्हणणार आहे. मूळ नामाला शेवटी लागून ती त्याचा कोणता तरी संबंध दाखवितात, एवढ्यापुरते हे नाव त्यांना शोभते. (‘प्रत्यय’ ह्या शब्दाला खात्री, प्रचीती असाही अर्थ मराठीत आहे. प्रस्तुत विषयात दोन्ही अर्थ एकाच जागी येतात, हा केवळ योगायोग.)

आता मुख्य प्रश्न असा : देशप्रत्यय नामाचा देशाशी नेमका कोणता संबंध दाखवितो? तंत्रदृष्ट्या उत्तर फार थोडके आहे. ‘.एनएल’ चा अर्थ एवढाच की, हे नाव नेदरलँड्सच्या नोंदवहीत नोंदलेले आहे. संगणक कोठे आहे, मालक कोठे राहतो, माल कोठून निघतो, ह्यांपैकी कशाचीही ग्वाही त्यात नाही. आणि नोंदवहीत कोणाला घ्यायचे हे प्रत्येक देशाची नोंदणीसंस्था आपापल्या मताने ठरविते. नेदरलँड्सच्या संस्थेने हे दार जगातील कोणालाही मोकळे ठेवले आहे. साठ लाखांहून अधिक नावे तीत नोंदलेली आहेत. आपल्या ‘.इन’ चीही तीच स्थिती आहे : २००५ मध्ये त्याची नोंदणी खुली झाली आणि तेव्हापासून परदेशस्थ व्यक्तीही ते घेऊ शकते. नॉर्वेत मात्र तेथील संस्था-क्रमांक किंवा राष्ट्रीय ओळखक्रमांक असल्यावाचून नाव मिळत नाही. कॅनडा व ऑस्ट्रेलिया ह्यांनीही देशाशी काही तरी कायदेशीर नाते दाखविण्याची अट घातली आहे. युरोपीय संघाच्या ‘.ईयू’ ची तऱ्हा आणखी निराळी. १ जानेवारी २०२१ पासून लंडनमधल्या ब्रिटिश नागरिकाचा त्यावरील हक्क गेला, परंतु त्याच्या शेजारी राहणाऱ्या फ्रेंच नागरिकाचा टिकला. म्हणजे तेथे प्रत्यय केवळ जागाच दाखवीत नाही, तो माणसाचे नागरिकत्वही दाखवू शकतो. एकाच व्याकरणिक स्थानी बसणारे, रूपाने सारखे, आणि अर्थाने प्रत्येक देशात वेगळे असे हे प्रत्यय आहेत. गिऱ्हाईक मात्र ते सगळे एकाच अर्थाने वाचते.

तो अर्थ कोणता, हे आपल्याच भाषेतील एका साध्या उदाहरणाने कळेल. ‘मुंबईची गाडी’ ह्या शब्दबंधाचा अर्थ काय? ‘मुंबईची गाडी आत्ताच आली’ असे पुण्याच्या फलाटावर कोणी म्हणाले तर ती मुंबईहून आलेली गाडी असते. ‘मुंबईची गाडी चुकली’ असे तोच गृहस्थ म्हणाला तर ती मुंबईला जाणारी असते. ‘मामाचे पत्र आले’ आणि ‘मामाचे पत्र पेटीत टाक’ ह्यांतही हाच भेद आहे. पंचमी आणि चतुर्थी ह्या दोन अगदी उलट दिशांच्या विभक्ती. पण षष्ठीच्या ‘चा-ची-चे’ मध्ये दोन्ही सुखाने नांदतात. संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीला कारकांच्या पंगतीत बसविले नाही, ह्याचे कारण हेच. इतर विभक्तींनी सांगून उरलेला जो कोणताही संबंध, तो पाणिनीने षष्ठीकडे दिला. मराठीत तर षष्ठ्यन्त रूप विशेष्याच्या लिंगवचनांप्रमाणे बदलणारे जवळजवळ विशेषणच होऊन बसते. क्रियेशी त्याचा थेट संबंध नसतो. म्हणून त्याची दिशा ठरते ती बाहेरून, क्रियापदाने. ‘आली’ म्हटले की पंचमीचा अर्थ, ‘चुकली’ म्हटले की चतुर्थीचा.

डोमेन-नाम हा क्रियापद नसलेला शब्दबंध आहे. त्यातील देशप्रत्यय ही शुद्ध षष्ठी आहे. ‘नेदरलँड्सचे दुकान’ एवढेच तो सांगतो. नेदरलँड्सहून विकणारे की नेदरलँड्सला विकणारे, हे सांगण्यासाठी लागणारे क्रियापद तेथे नाही, आणि असण्याची सोयही नाही. ज्या दुकानदाराला दोन्ही अर्थ हवेसे आहेत त्याला ह्याहून अधिक सोयीचे काय असणार?

ही केवळ व्याकरणाच्या प्राध्यापकाची कल्पना नव्हे. एकाच देशप्रत्ययाचे वाचन निरनिराळे वाचक कसे करतात ते पाहिले म्हणजे विभक्तीचा हा भेद डोळ्यांना दिसू लागतो. शोधयंत्रे ह्या प्रत्ययाचे वाचन चतुर्थीत करतात. गूगलच्या मार्गदर्शनात देशप्रत्यय हा अमुक देशातील वाचकांसाठी हे स्थळ आहे, ह्याचा सबळ संकेत मानला आहे. तेथून ते निघाले आहे, असे मानलेले नाही. (गंमत अशी की, एप्रिल २०२५ मध्ये गूगलने शोधासाठी स्वतःचे देशप्रत्ययी पत्ते सोडून सर्वांना एकाच ‘.कॉम’ पत्त्याकडे वळविण्याचे जाहीर केले. वाचक कोणत्या देशात बसला आहे, हे यंत्राला आता पत्त्यावाचूनही कळते.)

न्यायालयाचे वाचनही चतुर्थीचेच आहे, आणि ते फार उद्बोधक आहे. ऑस्ट्रियातील हॉटेल आल्पेनहोफ ह्याचे बिल न भरता निघून गेलेल्या एका जर्मन पाहुण्याचा खटला युरोपीय न्यायालयापुढे आला होता. पाहुण्याचे म्हणणे असे की, हॉटेलने संकेतस्थळावरून आपला व्यवसाय जर्मनीकडे वळविला होता, तेव्हा दावा माझ्या देशातच चालला पाहिजे. व्यवसाय एखाद्या देशाकडे ‘वळविलेला’ आहे हे ओळखावे कसे, ह्याच्या काही खुणा न्यायालयाने ७ डिसेंबर २०१० च्या निकालात सांगितल्या : परदेशातून दूरध्वनी करण्यासाठीचा क्रमांक देणे, स्वतःच्या देशात रूढ नसलेली भाषा किंवा चलन वापरणे, आणि आपण जेथे स्थायिक आहोत त्याहून वेगळ्या देशाचा डोमेन-प्रत्यय घेणे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, येथे परका देशप्रत्यय हा बोलणारा परका असल्याचाच पुरावा ठरतो. दुकानदार कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे त्यावरून सिद्ध होते. तो कोठून बोलतो आहे, हे नव्हे.

आता ह्या दोघांच्या शेजारी आमची विद्यार्थिनी बसवा. ‘.एनएल’ हे तिने पंचमीत वाचले. दुकान इथून बोलते आहे असे तिने मानले. आणि तिचे हे वाचन भाबडेपणाचे होते, असे मला म्हणवत नाही. ‘.एनएल’ घेणाऱ्यांतील बहुसंख्य खरोखरच नेदरलँड्समधील आहेत. हजारदा ज्या खुणेमागे तोच अर्थ निघाला, त्या खुणेचा तोच अर्थ समजणे हेच तर भाषा येणे होय. ‘.टीव्ही’ पाहून कोणी तुवालूची आठवण काढीत नाही, कारण तेथे अनुभवाने देशाचा अर्थ झिजून गेला आहे, ‘.एनएल’, ‘.डीई’, ‘.इन’ ह्यांत तो झिजलेला नाही, आणि न झिजल्यामुळेच तो चोरण्याजोगा राहिला आहे.

मग ‘ते मला सांगितले कोणी’ ह्या प्रश्नाचे उत्तर काय? आपल्या अलंकारशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. ‘.एनएल’ ची अभिधा म्हणजे नोंदवहीतील नोंद. ती खरी होती. लक्षणा येथे लागू होत नाही, कारण लक्षणेला मुख्यार्थाचा बाध व्हावा लागतो. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ म्हटले की पाण्यावर वस्ती कशी, म्हणून आपण अडतो आणि ‘काठावर’ हा अर्थ घेतो. येथे अडण्यासारखे काही घडतच नाही. उरली व्यंजना : वाच्यार्थ शाबूत ठेवून त्याच्या मागून उमटणारा अर्थ. पॉल ग्राइस ह्यांनी १९६७ च्या व्याख्यानांत सूचितार्थाची जी मीमांसा केली, तिच्या भाषेत सांगायचे तर हा अर्थ बोलणाऱ्याला केव्हाही मागे घेता येतो. ‘मी तसे म्हटले नव्हते’ असे तो म्हणू शकतो, आणि ते खरे असते. काव्यात हा व्यंजनेचा गुण. बाजारात मात्र ह्याच गुणामुळे दुकानदार जबाबदारीतून निसटतो. सांगणारे दुकान होते. पण ज्या शक्तीने त्याने सांगितले तिच्यावर त्याची सही नव्हती.

येथे थोडे थांबून एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दुकान परके असले म्हणून बिघडले कोठे? बर्लिनची झालांडो कंपनी गेली कित्येक वर्षे ‘.एनएल’ पत्त्यावर डच भाषेत कपडे विकते. अमेरिकेच्या ॲमेझॉनने २०१३ मध्ये ‘.इन’ वर दुकान थाटले, आणि ते दुकान मूळचे आपले आहे असा गैरसमज कोणाचाही नाही. दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या चलनात त्याला विकणे ही व्यापाराची जुनी रीतच आहे, आणि तीत सौजन्यही आहे. आक्षेप रास्त आहे. परदेशी असणे हा दोष मानून केलेली ओरड मला पटत नाही. तिच्यात पुष्कळदा ग्राहकाच्या हितापेक्षा स्थानिक दुकानदाराचे हित अधिक असते.

प्रश्न असा आहे की, ‘इथले दुकान’ ह्या भावनेत गिऱ्हाईक जे गृहीत धरते त्याचे तुकडे कोणते. मला त्यात चार निरनिराळे ‘हून’ दिसतात : बोलणारा कोठून बोलतो; माल कोठून निघतो; माल परत कोठे न्यावा लागेल (हा उलटा ‘हून’ म्हणा); आणि तक्रार झाल्यास उत्तर कोठून मिळेल. गावातल्या दुकानात हे चारही एकाच उंबऱ्यावर असतात, म्हणून त्यांचा वेगळा विचार करण्याची आपल्याला सवयच नाही. महाजालावर ते सुटे होतात. अलीकडे बोकाळलेल्या एका पद्धतीत दुकानदार जवळ माल मुळीच ठेवीत नाही. ऑर्डर येताच ती दूरच्या पुरवठादाराकडे पाठवितो, आणि पुरवठादार थेट गिऱ्हाइकाच्या नावे पुडके रवाना करतो. ‘ड्रॉपशिपिंग’ म्हणतात ती हीच. तीत बोलणारा एखादे वेळी खरोखरच डच असतो, माल तेवढा शेनझेनचा. तर कधी बोलणारा तिसऱ्याच देशात बसलेला असतो. झालांडो परकी असून परतीचा रस्ता देशातूनच देते. कोटवाल्या दुकानाने पत्ता देशातला दाखविला आणि परतीचा रस्ता चीनचा ठेवला. दोहोंत फरक आहे तो एवढाच, पण सगळा व्यवहार ह्या फरकावर उभा आहे.

कारण युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहकहक्क-निर्देशाने दूरस्थ खरेदी १४ दिवसांच्या आत कारण न देता रद्द करण्याचा हक्क दिला आहे खरा. परंतु परतीच्या वाहतुकीचा खर्च, दुकानदाराने तशी पूर्वसूचना दिली असेल तर, गिऱ्हाइकाच्या माथी येतो. हा नियम करताना परतीची वाट देशातल्या देशात किंवा फार तर शेजारच्या देशात असेल, असे चित्र डोळ्यांपुढे असावे. तीच वाट निम्म्या जगाएवढी लांब झाली की हक्क कागदावर राहतो, आणि गिऱ्हाईक परत करण्याचा नाद सोडून कोट खुंटीला लावून ठेवते. अशी दुकाने बहुधा ह्या न परतलेल्या मालावरच जगतात. सुरुवातीला नाखुशीचे पत्र लिहिणाऱ्याला वीस टक्के परत देऊ, मग तीस, मग चाळीस, असा सौदाही चालतो. पण माल परत घेऊ असे कोणी म्हणत नाही. तेव्हा ‘.एनएल’ चा पंचमीचा अर्थ हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. परतीचे अंतर किती, ह्याचे ते गिऱ्हाइकाने मनात केलेले मोजमाप असते, आणि ते चुकले की भुर्दंड त्याला बसतो.

विद्यार्थिनीने पाठविलेली ह्या दुकानाची पाने मी एका डच जाणणाऱ्या मित्राकडून वाचवून घेतली. त्यात एक गोष्ट अशी निघाली की, ती भाषेच्या अभ्यासकाने तरी टिपून ठेवावी. डच भाषेत समोरच्याला संबोधण्यासाठी आदरार्थी ‘उ’ आणि सलगीचे ‘ये’ अशी दोन सर्वनामे आहेत. ह्या पानांवर एकाच परिच्छेदात दोन्ही अदलून बदलून येत होती. मराठीत ‘आपण आमच्या दुकानात आलात ह्याचा आनंद आहे, तुझी ऑर्डर लवकरच पाठवू’ असे कोणी लिहिले तर आपल्याला जसा ठेचकाळल्यासारखा अनुभव येईल, तसाच तो मित्राला आला. इंग्रजीत एकच ‘यू’ असल्यामुळे इंग्रजीवरून यंत्राने केलेल्या भाषांतरात ही लटपट होते, असा त्याचा तर्क. तो मला पटला. देशप्रत्यय नोंदवहीतून थोड्या पैशांत मिळतो, पण त्या देशातल्या माणसाने अनोळखी गिऱ्हाइकाशी किती अंतर राखून बोलावे, हे ज्ञान नोंदवहीत मिळत नाही. अर्थात भाषांतराची यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत, आणि ही खूण फार काळ हाताशी राहील असे दिसत नाही. आमची विद्यार्थिनी चार वर्षे डच शिकते आहे. ही अदलाबदल तिच्या लक्षात आली नाही. नवख्या भाषेत राहणाऱ्या स्थलांतरिताला प्रत्यय आधी कळतो, सूर फार उशिरा. अशा दुकानांच्या जाळ्यात परभाषिक रहिवासी अधिक सहज सापडत असावेत, असे मला ह्यावरून वाटते.

मग प्रत्ययाभोवती कुंपण घालावे काय? ऑस्ट्रेलियाचा अनुभव ह्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. ‘.कॉम.एयू’ साठी तेथे देशाशी नाते दाखवावे लागते. परदेशी कंपनीला ऑस्ट्रेलियन व्यापारचिन्हाच्या आधारे ते मिळू शकते, पण नाव त्या चिन्हाशी जुळले पाहिजे. एवढे कुंपण असूनही जुलै २०२५ मध्ये तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाला ‘भुताटकी दुकानां’विषयी, म्हणजे स्थानिक असल्याचा आव आणणाऱ्या परस्थ दुकानांविषयी, जाहीर इशारा द्यावा लागला. त्या वर्षाच्या प्रारंभापासून सुमारे ६० दुकानांविषयी किमान ३६० तक्रारी आयोगाकडे आल्या होत्या. ही दुकाने वागत कशी होती? प्रत्ययाची वाट बंद दिसली तेव्हा त्यांपैकी कित्येकांनी गावाचे नाव प्रकृतीतच घातले : काही तरी नाजूकसे स्त्रीनाम आणि त्याला जोडून मेलबर्न किंवा ॲडलेड, आणि शेवटी कोणालाही मिळणारे ‘.कॉम’. भाषेच्या इतिहासात विभक्तिप्रत्यय झिजले की त्यांचे काम शब्दयोगी अव्यये उचलतात, हे आपण पाहतोच. येथे एक रूप अडविले की तोच अर्थ दुसऱ्या रूपात जाऊन बसतो. कुंपण निरुपयोगी असते असे नव्हे. डेन्मार्कने २०१७ मध्ये नाव घेणाऱ्यांची ओळख तपासण्यास सुरुवात केली, आणि तेथील देशप्रत्ययाखालील बनावट दुकानांचे प्रमाण झपाट्याने उतरले. मात्र रूपावर घातलेले बंधन अर्थाला पुरे पडत नाही.

शब्दाच्या षष्ठीतून हवा तो अर्थ निघू देण्याऐवजी क्रियापदासह वाक्य लिहावयास लावणे, हा दुसरा मार्ग. तो फार जुना आहे. शेफील्डच्या नावावर जर्मनीतील झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या खपविल्या जातात, अशी इंग्लंडमध्ये ओरड झाली, आणि १८८७ च्या ब्रिटिश मालचिन्ह-कायद्यानंतर परदेशी मालावर उत्पत्तीचा देश लिहिला जाऊ लागला. ‘जर्मनीत बनविलेले’ हा शिक्का त्यातूनच आला. ग्राहकाला सावध करण्यासाठी आणलेला तो शिक्का पुढे गुणवत्तेची खूण झाला, ही कथा प्रसिद्धच आहे. आपल्याला महत्त्वाचे आहे ते त्यातील ‘बनविलेले’ हे कृदन्त. त्या एका शब्दाने षष्ठीची संदिग्धता संपते.

आजचे नियम ह्याच दिशेने जातात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-व्यापार निर्देशाने संकेतस्थळाच्या चालकाने नाव व भौगोलिक पत्ता देणे आवश्यक केले. भारतातही ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये दुकान चालविणाऱ्या संस्थेचे कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि मालाचा उत्पत्तिदेश ही माहिती देणे बंधनकारक आहे. आणि येथे स्थापन न झालेली, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणारी संस्थाही ह्या नियमांच्या कक्षेत येते. नियम करणाऱ्यांनी येथे चतुर्थी आणि पंचमी वेगळ्या ओळखल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट. माझी तक्रार आहे ती जागेबद्दल. ही सगळी माहिती पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, तीन ठिकाणी विखुरलेली असते. उत्पत्तिदेश एकीकडे, कार्यालयाचा पत्ता दुसरीकडे, आणि परतीचा पत्ता बहुधा एखाद्या लांबलचक अटीपत्राच्या पोटात. गिऱ्हाईक वाचते ते पत्त्याची ओळ आणि किंमत. जी ओळ वाचून समज तयार होतो तिच्याशेजारीच तो दुरुस्त झाला पाहिजे. किमतीच्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘हा माल अमुक गावाहून निघेल, परत करावयाचा झाल्यास अमुक गावी पाठवावा लागेल’, एवढी दोन वाक्ये पुरेत. त्यात देशी-परदेशी असा शब्द नको, ध्वज नको. चार ‘हून’पैकी जे दोन पैशांशी बांधलेले आहेत ते तरी क्रियापदासह सांगितले जावेत.

विद्यार्थिनीला मी हे सर्व थोडक्यात कळविले. तिचे उत्तर आले त्यात विभक्तीबद्दल फारसे काही नव्हते. तिने बँकेमार्फत पैसे परत मिळविण्यासाठी अर्ज केला होता. बँकेने दुकानाचा पत्ता विचारला, तो तिला देता आला नाही. दरम्यान ते संकेतस्थळ नाहीसे झाले होते. तीच छायाचित्रे, तोच कोट आणि दुकान बंद करीत असल्याचे तेच दुःखद निवेदन तिला दुसऱ्या एका पानावर आढळले. भाषा आता जर्मन होती, गावाचे नाव जर्मन होते, आणि पत्त्याच्या शेवटी ‘.डीई’ होते.